पाईपांचं बिऱ्हाड

अकरा वर्षं मी एका चर्चच्या ऑर्गनच्या पट्ट्या दाबून बसत होते. मला ऑर्गन वाजवता येत नाही. वर्षातून दोनदा सूर जुळवायला एक वयस्कर कारागीर यायचे आणि त्यांना खाली बैठकीवर बसणारं कुणीतरी लागायचं, म्हणून मी. ते शिडीने वर चढायचे, पाईपांच्या दाटीत शिरायचे आणि दिसेनासे व्हायचे. थोड्या वेळाने आतून "हं, लावा" ऐकू आलं की मी पट्टी दाबायची आणि तशीच धरून ठेवायची. दोन पाईप एकाच वेळी बोलायला लागायचे. एक सुरात, दुसरा त्याच्यापासून केसभर ढळलेला. त्या केसभर अंतरातून वंव-वंव-वंव असा हेलकावा उमटायचा. आत कुठेतरी त्यांचा हात काम करत असायचा. हेलकावा मंदावत जायचा, लांबत जायचा आणि एका क्षणी नाहीसा व्हायचा. मग आतून एकच शब्द यायचा, "पुढची."

संध्याकाळपर्यंत हेच. पहिल्या वर्षी मी सोबत पुस्तक घेऊन बसले होते. तिसऱ्या वर्षापासून पुस्तक न्यायचं बंद केलं, कारण तोवर मला एकेक पाईप ओळखू यायला लागला होता. बासरीच्या जातीच्या आवाजाची पाईपांची एक रांग होती, तिच्यातला मधल्या सप्तकातल्या 'जी' सुराचा पाईप नेहमी जरा उशिरा बोलायचा. पट्टी दाबली की आधी 'फ्' असा अगदी हलका श्वास, मग सूर. शेजारपाजारचे सगळे चटकन बोलणारे, हा एकटा दम घेऊन. मी एकदा विचारलं, "हा दुरुस्त होत नाही का?" आतून उत्तर आलं, "होतो की." आणि लगेच, "पुढची."

मग ते चर्च बंद झालं. येणारी माणसं कमी होत गेली होती, छप्पर गळत होतं, आणि बैठका होऊन शेवटी इमारत विकायचं ठरलं. बाकं गेली, घंटा गेली. ऑर्गनचं काय करायचं यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. बंद पडणाऱ्या चर्चमधले ऑर्गन बहुतेक वेळा फुकट दिले जातात. अट एवढीच की घेणाऱ्याने तो उतरवून न्यावा. घेणारा मिळाला नाही तर धातूचे पाईप वितळवले जातात आणि लाकूड जाळलं जातं. आमच्या ऑर्गनला घेणारं मिळालं. दुसऱ्या एका चर्चने होकार कळवला तेव्हा मला हायसं वाटलं. ऑर्गन हलवणं म्हणजे काय, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

ज्यांच्या डोळ्यांसमोर ऑर्गन म्हटलं की बाजाच्या पेटीची मोठी बहीण उभी राहते, त्यांच्यासाठी थोडं सांगते. पेटीत पितळी पत्त्या हवेने थरथरतात आणि सूर निघतो. पाईप ऑर्गनमध्ये प्रत्येक सुराला स्वतंत्र पाईप असतो. तेवढ्यावर थांबत नाही. प्रत्येक सुराच्या प्रत्येक रंगालाही स्वतंत्र पाईप. बासरीसारख्या आवाजाची एक रांग, तुतारीसारख्या आवाजाची दुसरी, तंतुवाद्याची आठवण करून देणारी तिसरी. एका रांगेत 55 ते 60 पाईप, आणि प्रत्येक रांग चालू-बंद करणारा एक दांडा; त्यालाच, आणि त्या रांगेलाही, स्टॉप म्हणायचं. आमच्या ऑर्गनला 22 स्टॉप आणि 1,300 च्या आसपास पाईप होते. समोरून दिसायचे तीसेक, बाकी सगळे आत. आणि त्यातल्या प्रत्येकाला आयुष्यभर एकच सूर, एकाच आवाजात म्हणायचा.

पाईपाची लांबी सूर ठरवते. पट्ट्यांवरच्या सगळ्यात खालच्या 'सी'साठी साधारण आठ फूट, म्हणजे 2.4 मीटर लांबीचा उघडा पाईप लागतो. त्याच्याखालच्या सप्तकासाठी दुप्पट, 16 फूट. मोठ्या कॅथेड्रलमध्ये 32 फुटी पाईप असतात. त्यातला सगळ्यात खालचा सूर सेकंदाला जेमतेम 16 कंपनांचा, तो कानापेक्षा बाकाच्या फळीतून जास्त कळतो. जागा कमी असेल तर पाईपाचं वरचं तोंड बुचाने बंद करतात, म्हणजे निम्म्या लांबीत तोच खालचा सूर मिळतो. आणि वरच्या टोकाला, सगळ्यात उंच सुरांचे पाईप जेमतेम पेन्सिलीएवढे. त्यातले पाच-सहा मी उतरवण्याच्या पहिल्या दिवशी तळहातावर घेतले होते. वजन जाणवलंच नाही.

हातात घेतल्यावर पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की कारागिरांनी पाईपाचे भाग माणसाच्या नावाने ओळखावेत यात नवल नाही. खालचा निमुळता भाग म्हणजे पाय. त्याच्यावर आडवी चीर, ते तोंड. तोंडाला खालचा आणि वरचा ओठ. काहींच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना धातूच्या छोट्या पट्ट्या उभ्या असतात, त्यांना कान म्हणतात. पायातून हवा शिरते, तोंडाशी तिची पातळ पापुद्र्यासारखी पात होते, ती वरच्या ओठावर आपटते आणि आत-बाहेर झुलायला लागते. एवढंच सगळं यंत्र. पण वरचा ओठ किती उंच, पायाचं भोक किती मोठं, आतली चकती केसभर वर की खाली, यावर तो पाईप गोड बोलणार, घोगरा बोलणार की बोलणारच नाही, हे ठरतं. नवा पाईप घडवून झाला तरी तो मुकाच असतो. कारागीर त्याचे ओठ, पाय, चकती एकेक करून जुळवतो तेव्हा कुठे त्याला कंठ फुटतो. हे काम हाताने आणि कानाने करायचं असतं, आणि एका माणसाला ते शिकायला बरीच वर्षं जातात. 2017 मध्ये युनेस्कोने जर्मनीतल्या ऑर्गनकामाच्या आणि ऑर्गनसंगीताच्या परंपरेचा अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला, तो मुख्यतः या हातांसाठी, असं मी समजते.

उतरवायला सुरुवात झाली ती लहानांपासून. आधी वरच्या सुरांचे बारके पाईप, मग मधले, मोठे शेवटी. लाकडी तबकं बनवून आणली होती, प्रत्येकात कप्पे. एकेक पाईप वर उचलायचा, फुंकर घालायची, मऊ कागदात गुंडाळायचा, त्याच्या नेमक्या कप्प्यात आडवा ठेवायचा. कथील आणि शिसं यांच्या मिश्रधातूचे हे पाईप इतके मऊ असतात की अंगठ्याने जरा जोर दिला तर खळगा पडतो. म्हणून बोलणं बंद, घाई बंद. पाईपावर सुराचं अक्षर कोरलेलं होतं आणि काहींवर स्टॉपचं नावही, घडवणाऱ्याने दीडशे वर्षांपूर्वी टोकदार हत्याराने ओरखडलेलं. मी यादी लिहीत होते. मी 'ए' लिहिलं आणि वर बघितलं तर तेच अक्षर पाईपावर, तिरपं, घाईत काढलेलं. त्या माणसालाही त्या दिवशी पुष्कळ काम असावं.

आत माणूस उभा राहील एवढी जागा मोकळी झाली तेव्हा मी पहिल्यांदा त्या जागेत गेले जिथून अकरा वर्षं "पुढची" ऐकू येत होतं. जुन्या चामड्याचा आणि कोरड्या लाकडाचा वास. भात्याच्या फटी बुजवायला चिकटवलेले छापील कागद, त्यावरच्या ओळी अजून वाचता येत होत्या. मागच्या भिंतीपाशी पूर्वी भाता हाताने मारायचा दांडा होता, त्याच्या शेजारच्या फळीवर कितीतरी नावं कोरलेली. विजेची मोटर यायच्या आधी इथे मुलं उभी राहून भाता मारायची. वाजवणाऱ्याचं नाव सूचनाफलकावर असायचं. त्याच्या पाठीमागे घाम गाळणाऱ्यांनी आपली नावं स्वतःच कोरून घेतली होती. ती फळी जुन्याच जागी पुन्हा बसवायची, असं मी यादीत ठळक लिहिलं. कुणी सांगितलं नव्हतं, तरी लिहिलं.

ऑर्गनचा इतिहास हवेपासूनच सुरू होतो. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात क्टेसिबियस नावाच्या संशोधकाने पाईपांना जाणारी हवा एकसारख्या दाबाची राहावी म्हणून पाण्याच्या वजनाचा उपयोग केला. ते वाद्य देवळातलं नव्हतं, पुढे रोमनांकडे ते करमणुकीच्या मैदानात वाजायचं. 1931 मध्ये बुडापेस्टजवळ अक्विंकम इथे अशाच एका छोट्या ऑर्गनचे अवशेष सापडले. त्यावरच्या काशाच्या पाटीनुसार तो सन 228 मध्ये तिथल्या अग्निशमन करणाऱ्यांच्या संघाला भेट दिलेला होता. त्याला 52 पाईप होते. पश्चिम युरोपात ऑर्गन पुन्हा आला तोही प्रवास करूनच: 757 मध्ये बायझंटाईन सम्राट पाचव्या कॉन्स्टंटाईनने फ्रँकांचा राजा पेपिन याला एक ऑर्गन भेट पाठवला. चर्चमध्ये तो रुजला त्यानंतर. म्हणजे ज्या वाद्याला आपण चर्चच्या भिंतीचाच भाग समजतो, ते चर्चमध्ये पोचलं तेच मुळी कुणीतरी दुरून आणलेलं सामान म्हणून.

या हलवाहलवीच्या गोष्टींत मला सगळ्यात जवळची वाटते ती डॅलम बापलेकांची.

थॉमस डॅलम हा लंडनचा ऑर्गन घडवणारा. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या नावाने ऑटोमन सुलतान तिसऱ्या मेहमेदला भेट द्यायची होती, म्हणून त्याने घड्याळावर चालणारा, आपोआप वाजणारा एक ऑर्गन तयार केला. वर धातूचं झुडूप, त्यात गाणारे आणि पंख हलवणारे पक्षी. 1599 मध्ये तो सुटा करून, पेट्यांत भरून, 'हेक्टर' नावाच्या जहाजावर चढवला आणि थॉमस स्वतः सोबत गेला. कित्येक महिन्यांनी कॉन्स्टँटिनोपलला पेट्या उघडल्या तर जहाजाच्या पोटातल्या उकाड्याने सगळा सरस सुटला होता आणि पाईप चेपले होते. त्याने हे आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलं आहे. ती रोजनिशी आज उपलब्ध आहे. परक्या शहरात, अनोळखी भाषेत, दरबाराची तारीख समोर असताना त्याने तो ऑर्गन पुन्हा उभा केला. सुलतानासमोर तो वाजला. मग सुलतानाने विचारलं, हाताने कुणी वाजवेल का, आणि थॉमस बसला. सुलतान त्याच्या अगदी पाठीशी. मध्येच मागे हालचाल झाली तेव्हा तलवार उपसली जातेय असं त्याला वाटलं. प्रत्यक्षात त्याचे हात नीट दिसावेत म्हणून सुलतान उठला होता. नंतर त्याने बक्षीस म्हणून सोनं दिलं. पुढे मेहमेदचा मुलगा अहमद गादीवर आला आणि त्याने तो ऑर्गन नष्ट केला.

थॉमसचा मुलगा रॉबर्ट. त्याने 1631 च्या सुमारास ऑक्सफर्डच्या मॅग्डलेन कॉलेजच्या चॅपेलसाठी ऑर्गन बांधला. दहा-बारा वर्षांत राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध पेटलं. 1644 मध्ये पार्लमेंटने चर्चमधले ऑर्गन काढून टाकण्याचा आणि मोडण्याचा हुकूम काढला. डॅलम कुटुंब कॅथलिक. ते समुद्र ओलांडून फ्रान्समधल्या ब्रिटनीला गेलं आणि तिथे ऑर्गन बांधत राहिलं. इकडे रॉबर्टचा ऑर्गन मात्र वाचला, कारण ऑलिव्हर क्रॉमवेलला तो आवडला. ज्या राजवटीने देशभरचे ऑर्गन मोडले, तिच्याच प्रमुखाने 1654 मध्ये हा ऑर्गन मॅग्डलेनमधून काढून स्वतःच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात बसवला. क्रॉमवेलच्या दप्तरात तेव्हा कवी जॉन मिल्टन काम करत होता, त्याची दृष्टी गेलेली होती, आणि त्याने हा ऑर्गन वाजवला अशी आख्यायिका आहे. राजा परत आल्यावर 1660 मध्ये ऑर्गनही ऑक्सफर्डला परतला. 1737 मध्ये तो विकला गेला आणि ट्यूक्सबरी ॲबीत गेला. आज तिथेच आहे, नाव 'मिल्टन ऑर्गन'. मध्ये त्याची कितीतरी दुरुस्ती झाली, रचना बदलली, पण सतराव्या शतकातले पाईप त्यात अजून बोलतात. त्याने तीन वेळा बिऱ्हाड हलवलं आणि घडवणाऱ्याच्या पुढे साडेतीन शतकांहून जास्त तो जगला.

मी उतरवण्याच्या दिवसांत रात्री हे वाचायचे आणि सकाळी जाऊन तबकांवर क्रमांक घालायचे. दुःख कमी झालं असं नाही. पण आपण काही मोडतोड करत नाही आहोत, एवढा धीर यायचा.

तो धीर पक्का झाला जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या दोन ऑर्गनमुळे. दोन्ही गॉटफ्रीड झिल्बरमान या एकाच कारागिराच्या नावाचे. पहिला फ्राउएनकिर्ख या चर्चमधला, 1736 चा. त्याच वर्षी 1 डिसेंबरला संगीतकार बाखने तो वाजवला होता. दुसरा थोड्याच अंतरावरच्या कॅथलिक दरबारी चर्चमधला, झिल्बरमानचा शेवटचा. 1753 मध्ये तो वारला आणि काम 1755 मध्ये त्याचा शिष्य झकारियास हिल्डेब्रांटने पुरं केलं. दुसऱ्या महायुद्धात, 1944 मध्ये, दरबारी चर्चमधल्या ऑर्गनचे पाईप आणि हवापेट्या काढून शहराबाहेर एका मठात ठेवल्या. फ्राउएनकिर्खमधला तसाच राहिला. फेब्रुवारी 1945 मध्ये शहरावर बॉम्ब पडले. 15 फेब्रुवारीला फ्राउएनकिर्खचा घुमट कोसळला आणि बाखच्या हाताखालून गेलेला ऑर्गन त्याखाली संपला. दरबारी चर्चही जळलं, तिथली ऑर्गनची कोरीव चौकटही जळली. पण पाईप तिथे नव्हते. 1971 मध्ये ते पुन्हा त्याच चर्चमध्ये उभे राहिले. हॅम्बुर्गच्या सेंट याकोबी चर्चमधल्या श्निटगर या कारागिराच्या 1693 च्या ऑर्गनचंही असंच: दर्शनी पाईप 1917 मध्ये युद्धासाठी कथील हवं म्हणून काढून नेले गेले, दुसऱ्या युद्धात चौकट जळली, आणि आधीच काढून ठेवलेले आतले पाईप राहिले. कथलाचा एकेक पाईप असा कधी युद्धाच्या कामी जातो, कधी एखाद्या तळघरात कागदात गुंडाळून वाचतो. मध्ये फक्त कुणाचा तरी वेळेवरचा निर्णय असतो.

आमचे पाईप तीन ट्रकमध्ये गेले. मोठे लाकडी पाईप दोघा-दोघांनी खांद्यावरून बाहेर काढले. एका पाईपाला जिन्याच्या वळणावर धक्का लागून उभी चीर गेली, तो आवाज मी ऐकला. नंतर तिथे सरस भरून पट्टी बसवली गेली. लाकडाचं बरं असतं, जोडता येतं.

नव्या जागी सांगाडा, भाता, हवापेट्या, पट्ट्यांपासून झडपांपर्यंत जाणाऱ्या शेकडो लांब लाकडी काड्या, असं सगळं उभं राहायला चार महिने लागले. मग पाईप. पहिला स्टॉप बसला आणि मला फोन आला, या ऐकायला.

मला तो आवाज ओळखता आला नाही.

पाईप तेच, पट्ट्या त्याच, हवाही तेवढ्याच दाबाची. पण सूर कोरडा, अंगावर येणारा, पट्टी सोडली की तिथल्या तिथे तुटणारा. आमचं जुनं चर्च दगडी, उंच, उघड्या फरशीचं होतं. तिथे पट्टी सोडल्यावर सूर चार-पाच सेकंद वर फिरत राहायचा आणि पुढचा सूर त्याच्यात मिसळायचा. इथे छत खाली, लाकडी, बाकांमधल्या वाटेवर जाड गालिचा. मी बाहेर येऊन पायऱ्यांवर बसले. इतक्या काळजीने, कागदात गुंडाळून, क्रमांक घालून आणलेलं ते काय होतं मग? ज्याला मी ऑर्गनचा आवाज समजत होते, त्याचा केवढा तरी भाग तिकडे, विकलेल्या भिंतींमध्ये राहून गेला होता.

तिथे काम करणारी कारागीर बाई माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी लहान. आमचे जुने गृहस्थ आजारी होते, प्रवास करण्यासारखे नव्हते. तिने माझी तक्रार पूर्ण ऐकून घेतली आणि म्हणाली, "अजून काही झालेलंच नाही. अजून त्यांना ही खोली कुठे माहीत आहे?"

आधी तिने काचेची वाकडी नळी आणली, 'यू' आकाराची, अर्धी पाण्याने भरलेली. एक टोक हवापेटीला लावलं. भाता चालू झाला आणि एका बाजूचं पाणी वर चढलं. ऑर्गनच्या हवेचा दाब असाच मोजतात, पाणी किती मिलिमीटर चढलं त्यावर. 82 आला. भात्याच्या वरच्या फळीवर लोखंडी वजनं ठेवलेली असतात, त्यांनीच तो दाब ठरतो. तिने एक वजन उचलून खाली ठेवलं. 78. आणखी एक. 74. मग मला पट्टी दाबायला सांगितली, आणि तोच सूर, मघाचा ओरडणारा, जरा मागे सरकून उभा राहिल्यासारखा वाटला. बाखबद्दल त्याच्या मुलाने लिहून ठेवलंय की नवा ऑर्गन तपासताना तो आधी सगळे स्टॉप उघडून एकदम वाजवायचा, वाद्याची फुप्फुसं धड आहेत का ते बघायला. ते वाचताना मला गंमत वाटली होती. भात्यापाशी गुडघ्यावर बसून पाण्याची पातळी बघताना त्यातलं गांभीर्य कळलं.

गालिचाही निघाला. तो निघायला तीन बैठका लागल्या, कारण थंडीत पाय गारठतात हे खरंच आहे. पण खालची फरशी उघडी झाल्यावर चर्चमधल्या बोलण्याचाही आवाज बदलला, आणि मग कुणी पुन्हा तो विषय काढला नाही.

त्यानंतरचे सात आठवडे मी जमेल तेव्हा जाऊन बैठकीवर बसले. रहदारी थांबल्यावर, बहुतेक संध्याकाळी उशिरा. पॅरिसच्या नोत्र दामचा मोठा ऑर्गन 15 एप्रिल 2019 च्या आगीतून जळता जळता वाचला, पण त्याच्यावर शिशाची धूळ बसली. जवळपास 8,000 पाईप उतरवून, साफ करून पुन्हा लावावे लागले, आणि त्यांचे आवाज जुळवण्याचं काम रात्री केलं गेलं, कारण दिवसा बाकी बांधकामाचा गोंगाट. डिसेंबर 2024 मध्ये चर्च उघडलं तेव्हा आर्चबिशपनी त्या ऑर्गनला एकेक हाक घालून 'जागा हो' म्हटलं आणि प्रत्येक हाकेला तो वाजून उत्तर देत गेला. मी ते पडद्यावर पाहिलं. जगाने पाहिली ती हाक. तिच्या आधीच्या त्या सगळ्या रात्री कुणीतरी खाली बसून पट्टी दाबून धरली असणार, आणि माझं मन तिकडेच गेलं.

सूर आणि हवामान यांचं नातंही तेव्हा नव्याने कळलं. हवा तापली की आवाज तिच्यातून वेगाने जातो, म्हणून बासरीसारखे पाईप चढतात; दहा अंशांचा फरक पडला तर अर्ध्या सुराच्या जवळपास तिसरा हिस्सा. तुतारीच्या जातीचे पाईप पितळी पत्तीवर बोलतात, ते त्या मानाने जागच्या जागी राहतात. दोघांमध्ये फट पडते आणि ऐकणाऱ्याला वाटतं तुतारी बेसूर झाली. म्हणून ती एका ठरावीक तापमानालाच काम करायची, आणि पाईपाला हात लावला तर थांबायची. बोटांच्या उबेनेही सूर हलतो. ती पाईप उचलायची, वरच्या ओठाशी काहीतरी अगदी थोडं करायची, परत ठेवायची, आणि आम्ही दोघी काही न बोलता तो निवण्याची वाट बघायचो.

ती ओठ कापत नव्हती. कापलेला ओठ परत येत नाही. पायाची भोकं जरा दाबून लहान करणं, चकती तसूभर हलवणं, जे पुढे कुणालाही उलटं करता येईल तेवढंच. वरच्या सुरांची धार तिने कमी केली, खालच्या सुरांना मोकळं सोडलं. रोज घरी जाताना मला वाटायचं आज काही फरक नाही. पाचव्या आठवड्यात एका संध्याकाळी तिने चार स्टॉप एकत्र उघडले आणि मला दोन्ही हातांनी मिळून सहा पट्ट्या धरायला सांगितल्या. तो आमच्या जुन्या चर्चमधला आवाज नव्हता. पण तो कुणा अनोळख्याचाही राहिला नव्हता. खोलीतल्या लाकडाने तो घेतला होता, दगडासारखा वर नेऊन फिरवला नव्हता, पण बाकाच्या पाठीला हात लावला तर तिथे तो होता.

मधल्या एका रविवारी मी जुन्या इमारतीत जाऊन आले. कुलूप उघडून द्यायला नव्या मालकांनी हरकत घेतली नाही. ऑर्गन उभा होता त्या भिंतीवर त्याच्या आकाराचा फिकट रंग राहिला होता, कडा काजळलेल्या. मी एकदा टाळी वाजवली. चार, साडेचार सेकंद. सगळं होतं तिथे. मी लगेच निघाले.

बासरीचा स्टॉप सगळ्यात शेवटी आला. तोवर मला या बाईच्या कामाची लय कळली होती. जुन्या गृहस्थांपेक्षा ती जास्त वेळ घ्यायची आणि "पुढची" जरा हळू म्हणायची. खालून एकेक करत आम्ही मधल्या सप्तकात आलो. डी, ई, एफ. मग मी 'जी' दाबला.

आधी 'फ्', मग सूर.

आत शांतता. तिने पुन्हा सांगितलं, "सोडा. परत." मी परत दाबला. 'फ्', मग सूर. धातूवर हत्यार टेकल्याचा बारीक आवाज आला.

"ह्याला बोलायला उशीर होतोय," ती आतून म्हणाली.

"तिथेही व्हायचा," मी म्हटलं.

बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मी पट्टी धरून होते, सूर चालू होता, माझं बोट दुखायला लागलं होतं. मग हत्यार कुठल्याशा फळीवर ठेवल्याचा आवाज आला.

"पुढची."